रोज छोटी अ‍ॅनिमेशन करून मोशन ग्राफिक्स येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालंय, पुण्यात राहता, ट्युटोरियल लावून बसलं की आफ्टर इफेक्ट्समध्ये (अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) सगळं जमतं, पण कोरी कॉम्पोझिशन (म्हणजे कामाचं रिकामं पान) उघडली की हात चालत नाही. मग लाखभर रुपयांचा क्लास लावावा, की लोक इन्स्टाग्रामवर टाकतात तसं रोज एक छोटं अ‍ॅनिमेशन करत राहावं?

मी पुण्यातच मोशन ग्राफिक्सचं, म्हणजे अक्षरं-आकार हलते करण्याचं, काम करतो. कंपन्यांचे एक्स्प्लेनर व्हिडिओ, अ‍ॅपमधली बारकी अ‍ॅनिमेशन, यूट्यूब चॅनलची टायटलं, आणि गणपती जवळ आले की मंडळांच्या एलईडी स्क्रीनसाठी लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे). तेव्हा पुढचं सगळं धंद्यातल्या माणसाचं मत म्हणून वाचा.

छोटे सराव जरूर करा. फक्त त्यातलं ‘रोज नवीन’ हे सोडा. रोज नवीन करायचं म्हटलं की निम्मा वेळ ‘आज काय करू’ यातच जातो, उरलेल्या वेळात हाताला सवय असलेलंच काहीतरी उरकलं जातं, आणि महिन्याअखेरीस तीस फायली जमतात, पण सगळ्यांची चाल एकच. त्याऐवजी तीन सेकंदांचं एकच काम घ्या आणि आठवडाभर तेच पुन्हा पुन्हा करा, दर वेळी एकच गोष्ट बदलून. कंटाळा येईल, येऊ द्या. दोन आवृत्त्या शेजारी शेजारी लावून बघितल्याशिवाय नजर तयार होत नाही.

पहिलं काम अगदी साधं आहे. १९२० बाय १०८० ची कॉम्पोझिशन, सेकंदाला २५ फ्रेम, त्यात १०० पिक्सेलचा एक पांढरा चौकोन. एका सेकंदात तो डावीकडून उजवीकडे १००० पिक्सेल न्यायचा. दोन कीफ्रेम (सुरुवातीची आणि शेवटची जागा नोंदवणाऱ्या खुणा), संपलं.

नुसत्या कीफ्रेम ठेवल्या तर चौकोन दर फ्रेमला बरोबर ४० पिक्सेल सरकतो. सरकतो खरा, पण मेल्यासारखा. आता दोन्ही कीफ्रेम निवडून एफ९ दाबा, म्हणजे ईझी ईझ लागेल, सुरुवात आणि शेवट हळू होईल. पहिल्या फ्रेमला चौकोन जेमतेम ५ पिक्सेल हलेल, मध्यावर फ्रेमला ६० पर्यंत जाईल, शेवटच्या फ्रेमला पुन्हा ५. म्हणजे मधला वेग आधीच्या दीडपट झाला, बस्स. एफ९ दाबून सोडून दिलेलं काम सगळीकडे सारखंच मिळमिळीत दिसतं ते यामुळे. मुलाखतीला आलेल्या पोरांच्या शोरीलमध्ये (निवडक कामांच्या छोट्या व्हिडिओत) हे पहिल्या दहा सेकंदांत कळतं.

तिसऱ्या खेपेला कीफ्रेमवर राइट क्लिक करून कीफ्रेम व्हेलॉसिटी उघडा आणि पहिल्या कीफ्रेमचा बाहेर जाणारा व दुसरीचा आत येणारा इन्फ्लुअन्स (कीफ्रेमजवळ हळू चालण्याचा पसारा) ८० टक्के करा. आता पहिल्या फ्रेमला एक पिक्सेलही धड हलणार नाही, आणि मध्यावर एकाच फ्रेममध्ये १९० पिक्सेलच्या आसपास उडी बसेल. चौकोन १०० चा आणि उडी १९० ची, म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेममधले चौकोन एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. डोळ्याला ते तुटक, फडफडल्यासारखं दिसतं. मोशन ब्लर (वेगात दिसणारा धूसरपणा) कशासाठी असतो, आणि हातानं चित्रं काढणारे अ‍ॅनिमेटर मधल्या एखाद्या चित्रात वस्तू लांबलचक ताणून का काढायचे, हे इथे आपोआप उमगतं. कुठल्याही ट्युटोरियलमध्ये ‘मोशन ब्लरचं बटण ऑन करा’ एवढंच सांगतात.

मग एका बाजूला १० टक्के, दुसऱ्या बाजूला ९०. मग उलट. मग याच चौकोनाला स्वभाव द्या: ऑफिसला उशीर झालेला, दमून घरी निघालेला, कुणी बघत नाही ना म्हणून चोरून सटकणारा. रंग बदलायचा नाही, आकार बदलायचा नाही, सगळं ग्राफ एडिटरमधूनच (वेगाचा आलेख दाखवणारी खिडकी) काढायचं. झालं की घरातल्या कुणालाही दाखवा आणि ‘कसं वाटलं?’ असं चुकूनही विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. ‘हा काय करतोय?’ एवढंच विचारा. आईनं ‘घाईत दिसतोय’ म्हटलं तर जमलं.

अ‍ॅनिमेशनची ती प्रसिद्ध १२ तत्त्वं (डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये पुस्तकरूपात मांडलेली) तुमच्या वाचनात आलीच असतील. पाठ करत बसू नका. टायमिंग (हालचालीला किती फ्रेम), स्पेसिंग (दर फ्रेमला किती अंतर; त्या यादीत हे ‘स्लो इन, स्लो आउट’ म्हणून येतं), अँटिसिपेशन (हालचालीआधीची उलट्या बाजूची तयारी), फॉलो-थ्रू (मुख्य वस्तू थांबल्यावरही बाकीचं हलत राहणं) ही चार पक्की झाली की मोशन ग्राफिक्समधलं रोजचं काम निभतं. पहिली दोन चौकोनात आली. फॉलो-थ्रू शिकायला पीएमपीच्या बसमध्ये उभं राहायचं.

ड्रायव्हरनं ब्रेक मारला की उभी माणसं आधी पुढे झुकतात. बस पुरती थांबते त्या क्षणी मागे येतात, जरा जास्तच मागे, आणि मग सरळ होतात. वरच्या दांडीच्या कड्या माणसांनंतरही हलत राहतात, खांद्यावरची पिशवी सगळ्यात शेवटी थांबते. घरी येऊन हे तीन आकारांत करा: धडासाठी उभा आयत, डोक्यासाठी गोल, पिशवीसाठी छोटा चौकोन. गोल आणि चौकोन आयताला पेरेंट करा (म्हणजे ते आयतासोबत हलतील), आयताचा अँकर पॉइंट (ज्याभोवती तो फिरतो तो बिंदू) तळाशी न्या. आयताच्या रोटेशनला चार कीफ्रेम पुरतात: सरळ, पुढे, थोडं मागे, सरळ. त्याच कीफ्रेम डोक्याला कमी अंशांनी आणि दोन-तीन फ्रेम उशिरा द्या, पिशवीला चार-पाच फ्रेम उशिरा. मग फक्त हा उशीर कमी-जास्त करून बघत बसा. शून्य ठेवला तर पुठ्ठ्याचा माणूस, दहा केला तर दारू प्यायलेला. मोबाइलवर २४० फ्रेमचं स्लो मोशन असेल तर कड्यांचं शूटिंग करून घ्या आणि दर दहावी फ्रेम बघा, म्हणजे सेकंदाला २४ चा हिशेब आयता मिळतो. माणसांवर कॅमेरा रोखू नका, पुण्यात त्यावर व्याख्यान ऐकायला मिळतं.

लयीसाठी ढोल-ताशा. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने संध्याकाळी नदीकाठी पथकांचा सराव चालू असतो, तिथून मिनिटभर आवाज रेकॉर्ड करून आणा. आफ्टर इफेक्ट्समध्ये ऑडिओ लेयर निवडून एल दोनदा दाबला की वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) दिसतो, आणि प्रीव्ह्यू चालू असताना न्यूमेरिक कीपॅडवरची चांदणी दाबत गेलं की ठोक्याठोक्याला मार्कर पडतात. ढोलाला एक जाड वर्तुळ: दोन फ्रेममध्ये फुगायचं, दहा-बारा फ्रेममध्ये ओसरायचं. ताशाला बारीक रेघा, एका फ्रेममध्ये उमटून दुसऱ्या-तिसऱ्यात गायब. दोन्हींना एकच चाल दिलीत तर आवाज बंद केल्यावर ढोल कुठला आणि ताशा कुठला ते ओळखू येणार नाही, आणि सरावाची परीक्षा तीच आहे. पथकाची लय चढत जाते, म्हणून तिथे मार्करच बरे. पण स्टुडिओतल्या संगीतावर काम असेल तर आधी गणित करा. २५ फ्रेमच्या कामात मिनिटाला १०० ठोके म्हणजे ठोक्याला १५ फ्रेम, १२५ ठोके म्हणजे १२. १२० घेतलेत तर साडेबारा येतात आणि प्रत्येक दुसरा ठोका फ्रेमच्या मधोमध पडतो. तेच २४ फ्रेमला बरोबर १२ बसतात. आणि चित्र आवाजाच्या एखादी फ्रेम आधी पोचलं तर खपून जातं, आवाज आधी आला की लगेच खटकतं.

आता ज्याच्यावर मराठी डिझायनरनं सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा आणि कुणी घालवत नाही ते: देवनागरी अक्षरं हलवणं. इंग्रजी ट्युटोरियलमध्ये एकेक अक्षर वरून टपकतं, आपण तेच मराठी शब्दाला लावतो, आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. वेलांट्या आणि जोडाक्षरांचं काय होईल याचा तर नेमच नाही. (साधा टाइप केलेला मजकूरच विस्कटत असेल तर जुन्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडा.) सोपा उपाय म्हणजे टेक्स्ट अ‍ॅनिमेटर अक्षरांऐवजी शब्दांवर लावणे. पण सराव म्हणून अवघड वाट घ्या.

एक पुणेरी पाटी स्वतः लिहा. समजा: ‘बेल एकदाच वाजवावी. घर लहान आहे, ऐकू येते.’ पहिला शब्द घ्या. ‘बेल’चा टेक्स्ट शेपमध्ये बदला. फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराला आपापला शिरोरेषेचा तुकडा असतोच, म्हणून वरची पट्टी मास्कनं झाका आणि तिच्या जागी शेप लेयरची सलग रेघ काढा. ट्रिम पाथ्सनं (रेघ हळूहळू उमटवणारी सोय) ती रेघ आठ-दहा फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे ओढा. रेघ पुढे गेली की तिच्याखालून अक्षरं मॅटमधून (रेघेवरचा भाग झाकणारा थर) खाली उतरू द्या, आणि बे वरची मात्रा सगळ्यात शेवटी, रेघेच्या वर. ही झाली पहिली आवृत्ती. दुसरीत क्रम उलटा: आधी बिनटोपीची अक्षरं, मग रेघ. आपण हातानं लिहितो तेव्हा शब्द पुरा करून मग वर रेघ मारतो, म्हणून दुसरी आवृत्ती कुणीतरी समोर बसून लिहिल्यासारखी वाटते, आणि पहिली दुकानाच्या बोर्डासारखी. एकाच शब्दाचे दोन आवाज, तेही फक्त क्रम बदलून. फॉन्ट म्हणून ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ घ्या, दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत.

मग पूर्ण पाटी. पहिलं वाक्य आलं की थांबा. वीस फ्रेम, पंचवीस फ्रेम, किती ते तुम्हीच ठरवा, ठरवणं हाच सराव आहे. दुसरं वाक्य एकदम, कोरडं, कसलीही उडी न मारता यायला हवं. पुणेरी पाटीला बाउन्स लावला की विनोद मेला.

लूपबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती हमखास राहते. तीन सेकंदांच्या लूपमध्ये ७५ फ्रेम, म्हणजे क्रमांक ० ते ७४. पहिल्यासारखीच कीफ्रेम ७५ क्रमांकावर ठेवायची, म्हणजे कॉम्पोझिशनच्या बाहेर. ती ७४ वर ठेवलीत तर एकच चित्र दोनदा दिसतं आणि लूप दर तीन सेकंदांनी अडखळतो. लॅपटॉपवर कळत नाही. मंडळाच्या स्क्रीनवर तोच लूप रात्रभर फिरतो तेव्हा अख्ख्या पेठेला कळतं.

कॉम्प्युटरचा वीट आला तर काडेपेटी उपडी करा, मोबाइल स्टँडला लावा आणि काड्या थोड्या थोड्या सरकवत फोटो काढा. सेकंदाला १२ फोटो पुरतात, तीन सेकंदांना ३६. दादासाहेब फाळक्यांनीही आगकाड्यांवर हा खेळ केला होता. यात अनडू नसतो, त्यामुळे पुढची फ्रेम काढण्याआधी विचार करायची सवय लागते.

दुसऱ्यांचं काम बघायचं तर यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागे-पुढे करा, आणि आवडलेली एक सेकंदाची हालचाल ट्युटोरियलशिवाय जशीच्या तशी उभी करा. ती शोरीलमध्ये मात्र घालू नका. शोरील मिनिटाच्या आत, सगळ्यात चांगलं काम सगळ्यात आधी, आणि त्यात या सरावांतले तीन-चार तुकडे असले तरी माझ्यासारख्याला पुरतात. वर सांगितलेलं करायला आफ्टर इफेक्ट्सच हवं असंही नाही. सबस्क्रिप्शन जड जात असेल तर ब्लेंडर पूर्ण फुकट आहे, आणि दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फ्युजन (त्यातला मोशन ग्राफिक्सचा भाग) मिळतं. बटणं वेगळी, ग्राफ तोच.

राहिला क्लास. लगेच लावू नका, आधी दोन-तीन महिने हे करून बघा. मग लावायचाच असेल तर चौकशीला जाताना सरांचं शोरील बघू नका, मागच्या बॅचच्या मुलांची कामं मागा. सगळ्यांची कामं एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसली तर तिथे ट्युटोरियलच शिकवतात, तेही पैसे घेऊन. आणि एका लेक्चरला मागे बसू द्या म्हणा, शक्यतो मुलांची कामं तपासतात त्या दिवशी. सर एखाद्याच्या कामापाशी थांबून ‘इथे चार फ्रेम कमी कर’ असं काही सांगत असतील तर पैसे भरा. बसूच देत नसतील तर फॉर्म तिथेच ठेवून या.