काहून म्हणजेच 'व्हाय'

प्रश्न : माझी मोठी पोरगी दहावीत आहे, गावातच मराठी शाळेत. इंग्रजीचे धडे गाईडवरून पाठ करते, पण पेपरात पुस्तकाबाहेरचा उतारा आला की अडकते. सहामाहीत त्या उताऱ्याला १० पैकी ३ मार्क पडले. स्वतःचं मत लिहायचा प्रश्न तर कोराच सोडला. म्हणते, "आई, वाचता येते, पन काय इचारलं थे समजत नाही." शिकवणी तालुक्याला आहे, परतायला संध्याकाळी एसटी नाही. मी सातवी शिकलेली. घरी काय करू शकते?
– एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमच्या पोरीनं स्वतःचं दुखणं अगदी नेमकं सांगितलं आहे.

मी २९ वर्षं खेड्यांतल्या शाळांत इंग्रजी शिकवलं. एकदा आठवीच्या तोंडी परीक्षेत एका मुलीनं विहिरीत पडलेल्या बकरीचा उतारा न अडखळता वाचला. मी विचारलं, "व्हाय डिड राजू रन होम?" ती नुसती पाहत राहिली. मग मी म्हटलं, "बरं, राजू घराकडं काहून पळाला?" तशी लगेच म्हणाली, "दोर आनाले, बाई! बकरी विहिरीत पडली होती ना." उतारा तिला सगळा समजला होता, अडलं होतं ते 'व्हाय'पाशी. त्याआधी कितीतरी वर्षं मी तयार उत्तरं फळ्यावर लिहून दिली आणि पोरांनी ती वहीत उतरवली. त्या पोरांचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून रात्री जेवणं आटोपली की पोरीला एक लहानसा उतारा वाचू द्या. घरात कुणी सहावी-सातवीत असेल तर शाळेतून फुकट मिळालेलं त्याचं इंग्रजीचं पुस्तक घ्या. दहावीचं नको, त्यातली उत्तरं तिला पाठ आहेत. वाचून झालं की पुस्तक मिटायला लावा आणि विचारा : कोन होतं? कुठी? कवा? काहून? मंग काय झालं? तिनं आपल्या बोलीत सांगायचं. तुम्हाला इंग्रजी येत नाही, ते इथं कामाचंच आहे. तुम्हाला उमजेपर्यंत तिला सांगावंच लागेल, आणि तिनं कुठं अंदाजानं ठोकून दिलं तर गोष्ट मध्येच तुटेल. ते तुमच्या ध्यानात बरोबर येईल. मग पुस्तक उघडून ती ओळ दोघींनी शोधायची.

दाराआड खडूनं लिहून ठेवा : कोन – हू, कुठी – व्हेअर, कवा – व्हेन, काहून – व्हाय, कसं – हाऊ. हे पाच शब्द पक्के झाले की निम्मी भीती जाते.

आता पेपर. लेखी पेपर ८० मार्कांचा. त्यात १०-१० मार्कांचे तीन उतारे, दोन पुस्तकातले आणि एक बाहेरचा. प्रत्येकाखाली २-२ मार्कांच्या पाच कृती, म्हणजे प्रश्न, असतात. आधी कृती वाचायच्या, मग उतारा. काय शोधायचं ते ठाऊक असलं की नजर बरोबर त्या ओळीवर थांबते. शब्दांच्या कृतीत 'उताऱ्यातून शोधा' म्हटलं असेल तर शब्द उताऱ्यातलाच हवा, मनातला कितीही बरोबर असला तरी चालत नाही.

उत्तर लिहिताना पोरं प्रश्नातले शब्द जसेच्या तसे उचलतात. उताऱ्यात असतं, 'ही बॉरोड अ रोप फ्रॉम हिज नेबर.' प्रश्न असतो, 'फ्रॉम हूम डिड राजू बॉरो अ रोप?' पोरं लिहितात, 'राजू डिड बॉरो.' इथं 'डिड' गळतो आणि 'बॉरो'चं 'बॉरोड' होतं. 'ही'च्या जागी नाव येतं : 'राजू बॉरोड अ रोप फ्रॉम हिज नेबर.' एवढा एक बदल तिच्याकडून दहा-वीस वाक्यांवर करून घ्या.

आणि तो कोरा सोडलेला प्रश्न! पाचवी कृती स्वमताची असते. तीन उताऱ्यांचे मिळून ६ मार्क. त्याचं उत्तर उताऱ्यात नसतंच, म्हणून पोरं शोधशोधून सोडून देतात. 'राजूच्या जागी तू असतीस तर?' असं विचारलं तर तिला सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ती वावरात जाते, तिनं बिनकठड्याच्या विहिरी पाहिल्या आहेत. आधी तुम्हाला तोंडी सांगू द्या : "मी आजूबाजूच्या वावरातल्या मान्सायले हाक मारली असती, एकटी उतरली नसती." तेच मग लहान वाक्यांत : 'आय वुड कॉल पीपल फ्रॉम द निअरबाय फील्ड्स. आय वुड नॉट गो डाउन अलोन.' अशी तीन-चार वाक्यं पुरेत. 'आय वुड' किंवा 'आय थिंक'नं सुरुवात करायची सवय लावा. स्पेलिंग चुकलं तरी जागा कोरी ठेवायची नाही, हे तिच्याकडून कबूल करून घ्या.

सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत, तुम्ही दमून येत असाल. रोज नाही जमलं तर आठवड्यातले चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं. सुरुवातीला ती कंटाळेल, "तुले काय समजते?" असंही म्हणेल. तुम्ही कापसाची बोंडं सोलता सोलता विचारत राहा, "बरं, मंग? मंग काय झालं?"