अरबी समुद्राच्या तळाचे पाणी कुठून आले, हे विरघळलेल्या रसायनांवरून कसे ओळखतात?

फॉस्फेट आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण जीवांमुळे सतत बदलत असते, मग त्यांवरून खोल पाण्याचे मूळ कसे सांगता येईल, ही आपली शंका रास्त आहे. मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवतो. विंक्लर पद्धतीने ऑक्सिजन मोजताना विद्यार्थीही हेच विचारतात.

यातला एकेक आकडा सुटा घेतला तर खरोखरच फसवतो. मात्र वरून पडणारे सेंद्रिय कण जिवाणू कुजवतात तेव्हा ऑक्सिजन खर्च होतो आणि फॉस्फेट मोकळे होते, आणि हे दोन्ही ठरावीक प्रमाणात घडते : एका फॉस्फेट आयनामागे ऑक्सिजनचे सुमारे 175 रेणू. म्हणून फॉस्फेटच्या आकड्यात ऑक्सिजनचा 175वा भाग मिळवला, की एकाची घट दुसऱ्याच्या वाढीने भरून निघते आणि बेरीज कुजण्यामुळे बदलत नाही. बदलते ती फक्त दोन पाणी एकमेकांत मिसळल्याने. अमेरिकी सागर-रसायनशास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी या बेरजेतून 1.95 हा स्थिरांक वजा करून जी राशी वापरली, ती उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यात सुमारे 0.7, तर अंटार्क्टिकाभोवतालच्या खोल पाण्यात सुमारे 1.95 मायक्रोमोल प्रति किलो भरते. हा फरक इतका मोठा आहे की मधल्या एखाद्या नमुन्यात कोणाचा वाटा किती, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. मला या विषयातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

पाणी पृष्ठभाग सोडून किती काळ झाला, हा प्रश्न निराळा. त्यासाठी 5,730 वर्षे अर्धायुष्य असलेला किरणोत्सारी कार्बन-14 उपयोगी पडतो; हवेशी संबंध तुटला की पाण्यातले त्याचे प्रमाण हळूहळू घटत जाते. सीएफसी (क्लोरोफ्लुओरोकार्बन) हे मानवनिर्मित वायू 1930च्या दशकापासून तयार होऊ लागले, त्यामुळे ज्या पाण्यात ते मुळीच नाहीत, त्याचा हवेशी संबंध त्याआधीच तुटलेला असतो.

आता अरबी समुद्र. उत्तरेला आशिया खंडाने अडवल्यामुळे येथे पाणी तळापर्यंत बुडण्याइतके थंड होत नाही. तांबडा समुद्र आणि इराणचे आखात यांतून येणारे खारे पाणीही मधल्या थरांतच पसरते. तळाचे पाणी दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने येते, त्यात अटलांटिकचाही अंश असतो, आणि उत्तरेकडे सरकताना त्यातला ऑक्सिजन घटत व सिलिकेट वाढत जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. साधारण 150 ते 1,000 मीटर खोलीवर अरबी समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो आणि जिवाणू त्याऐवजी नायट्रेट वापरतात. तेथे फॉस्फेट वाढते, पण त्या प्रमाणात ऑक्सिजन घटत नाही, म्हणून वरचा हिशेब त्या थरात चुकतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत असेच ऑक्सिजन-दरिद्री पाणी कोकणच्या उथळ किनारी समुद्रापर्यंतही चढून येते, तेव्हा तेथील नमुन्यांनाही ही राशी डोळे मिटून लावू नये.