वाचक विचारतात: महायुद्ध संपलं ते नेमकं कधी?

प्रश्न: आमच्या मंडळाने दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीनिमित्त व्याख्यान ठेवलं आहे. अर्धा तास मीच बोलायचं आहे. पण तारखेवरूनच वाद पेटलाय. अध्यक्ष म्हणतात ८ मे, चिटणीस म्हणतात १५ ऑगस्ट, आणि एक सभासद २ सप्टेंबरवर अडून बसलेत. पत्रिका छापायची खोळंबली आहे. बरोबर कोण?

उत्तर: तिघंही. मॉस्कोत विचारलंत तर चौथी तारीख मिळेल, ९ मे. तुम्ही विषय शोधत असाल तर तो या भांडणातच आहे, वेगळा कशाला हवा?

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तरी अशा पहिल्याच व्याख्यानात तोंडघशी पडलो होतो. '८ मे १९४५ला महायुद्ध संपलं,' असं मी ठणकावून सांगितलं. पहिल्या रांगेतले एक निवृत्त सुभेदार हळूच म्हणाले, 'सर, मग जुलैत सितांग नदीवर आम्ही काय करत होतो?' सभागृह हसलं. मला पुढची दहा मिनिटं काय बोललो ते आठवत नाही. त्यांचं खरंच होतं. ब्रह्मदेशात त्या जुलैमध्ये, भर पावसात, वेढ्यातून निसटू पाहणाऱ्या जपानी सैन्याशी लढाई चालू होती, आणि त्यांना अडवणाऱ्यांत मोठा भरणा भारतीय जवानांचा होता.

युरोपातला गुंता आधी सोडवू. जर्मनीच्या वतीने जनरल योडल यांनी शरणागतीच्या कागदावर फ्रान्समधल्या रँस शहरात ७ मेच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास सही केली. स्टालिनना ते रुचलं नाही. जर्मनीची शरणागती बर्लिनमध्येच व्हायला हवी, हा त्यांचा हट्ट. म्हणून ८ मेच्या रात्री बर्लिनमधल्या कार्ल्सहॉर्स्टला जर्मन फील्ड मार्शल कायटेल यांना पुन्हा सही करावी लागली. तेव्हा मॉस्कोच्या घड्याळात ९ तारीख उजाडली होती. चौथी तारीख आली ती अशी.

इटलीत तर २ मेलाच बंदुका थांबल्या. त्याच्या तेवीस दिवस आधी, ९ एप्रिलला, सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं, मग शत्रूची मशीनगन ठाणी एकट्याने उद्ध्वस्त केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यावर पाच मिनिटं नक्की खर्च करा.

१५ ऑगस्टला दुपारी बारा वाजता जपानच्या सम्राटांचं भाषण रेडिओवर लागलं. सामान्य जपानी माणसाने त्यांचा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यात 'शरणागती' हा शब्दच नव्हता आणि भाषा दरबारी, त्यामुळे पुष्कळांना आपण हरलोय हे लगेच उमगलंही नाही. कागदावरच्या सह्या झाल्या २ सप्टेंबरला, टोकियोच्या उपसागरात 'मिसूरी' युद्धनौकेवर. तिथेही गंमत झाली. कॅनडाच्या प्रतिनिधीने जपानला द्यायच्या प्रतीवर एक ओळ सोडून खाली सही केली. पुढच्यांच्या सह्याही सरकल्या. शेवटी देशांची नावं खोडून हाताने दुरुस्त करावी लागली. आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांत हे दर वर्षी व्हायचं.

युद्ध संपलंय हे न मानता फिलिपीन्समधल्या लुबांग बेटावर १९७४पर्यंत लढत राहिलेल्या ओनोदा या जपानी अधिकाऱ्याची गोष्ट सांगायचा मोह तुम्हालाही होईल. श्रोत्यांनी ती ऐकलेली असते. सांगायचीच तर त्यांना थांबवायला गेलेल्या माजी वरिष्ठाची सांगा. मेजर तानिगुची तोवर पुस्तकविक्रेते झाले होते. तीस वर्षांपूर्वीच्या नोकरीतला हुकूम वाचून दाखवायला त्यांना दुकान सोडून फिलिपीन्सला जावं लागलं.

आता पत्रिका. फक्त युरोपबद्दल बोलणार असाल तर अध्यक्षांचं ऐका. सगळ्या युद्धाबद्दल बोलायचं असेल तर २ सप्टेंबर छापा. चिटणीसांना बोलताना न्याय देता येईल. 'प्रश्न शेवटी विचारावेत' हे वाक्य मात्र पत्रिकेवर घालू नका. कुणाच्या घरी आजोबांची पत्रं किंवा पदकं असतील तर त्या माणसाला तुमच्या आधी बोलू द्या. अर्ध्या तासातली दहा मिनिटं गेली तरी चालतील.