मास्टोडॉनवर तक्रार करायची तरी कोणाकडे?

प्रश्न: मास्टोडॉनवर (वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर जोडून बनलेलं ट्विटरसारखं सोशल नेटवर्क) एकजण मला सारख्या धमक्या देतोय, पण त्याचं अकाउंट दुसऱ्याच सर्व्हरवर आहे. इथे वर कोणी कंपनीच नाही म्हणतात, मग रिपोर्ट करून उपयोग काय?

उत्तर: उपयोग आहे, नक्की करा. रिपोर्ट आधी तुमच्या सर्व्हरच्या मॉडरेटरकडे, म्हणजे तिथल्या पोस्टवर लक्ष ठेवणाऱ्याकडे जातो, आणि करताना तो पुढे पाठवायचा पर्याय दिसतो तो निवडलात की त्याच्या सर्व्हरलाही जातो, तिकडे कोणी दखल घेतली नाही तरी तुमचा मॉडरेटर ते अकाउंट किंवा अख्खा सर्व्हरच तुमच्या सर्व्हरपासून तोडू शकतो. २०१९मध्ये गॅब हे द्वेषाच्या पोस्टसाठी बदनाम सोशल नेटवर्क मास्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं तेव्हा कितीतरी सर्व्हरनी असंच दार लावून घेतलं. गॅब त्याने बंद नाही पडलं हां, फक्त या सर्व्हरवाल्यांना दिसेनासं झालं, इथली खरी अडचण हीच आहे. आणि हे मॉडरेटर बऱ्याचदा फावल्या वेळात फुकट राबणारी माणसं असतात, असली घाण वाचून वाचून थकतात बिचारी, म्हणून रिपोर्टला नेमक्या पोस्ट जोडा. ब्लॉकही कराच, पण आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, पोलिसांकडे जायची वेळ आली तर तेच लागतील.