गवताची लाज कसली?

प्रश्न: माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय वनस्पतिशास्त्र, आतापर्यंत 74 टक्के. विमानतळावरचं गवत आणि झाडं यांच्या व्यवस्थापनात काम करायचं म्हणते. कॉलेजच्या मैदानावर गवत कापलं की कोणते पक्षी उतरतात, ते वहीत टिपत बसते. परीक्षा तोंडावर आली म्हणून मी ती वही काढून घेतली. विमानतळ व्यवस्थापनाच्या डिप्लोमाला तिचा प्रवेश पक्का करून पहिला हप्ताही भरलाय, तिला अजून सांगितलेलं नाही. नातेवाइकांना ‘ती एव्हिएशनमध्ये जातेय’ एवढंच सांगतो. पदवी घेऊन गवत कापायचं का? तिला समजवा. – एक वडील

उत्तर: राग मानू नका, पण पत्र वाचून समजवायची गरज मला तुम्हालाच जास्त दिसली. 74 टक्क्यांचं मला काही वाटलं नाही. पदवी संपत आलेल्या मुलीच्या नावावर तिला न विचारता प्रवेश घ्यायचा, पैसे भरायचे आणि वर तिच्यापासून लपवायचं, हे मात्र खटकलं. तिला हे कळणारच आहे. कळेल तेव्हा ती भांडेल, किंवा गप्प बसून डिप्लोमा करेल. भांडली तर बरं म्हणा. गप्प बसली तर पुढे नोकरीत जीव रमला नाही की प्रत्येक वेळी तुमचंच नाव निघेल आणि तुमच्याकडे त्यावर उत्तर नसेल. आजच सांगा तिला. हप्ता परत मागायला मुदत असते, ती आधी बघून घ्या.

नातेवाइकांपुढे विमान सांगता येतं, गवत सांगता येत नाही, एवढ्यासाठी मुलीची वाट बदलायची? हे तुम्ही पत्रात सरळ लिहिलेलं नाही, पण ओळीओळीत दिसतंय.

आणि ती वही. गवत कापल्यावर कोणता पक्षी किती वेळात येतो, काय टिपतो, कधी उठतो, याच्या नोंदी ठेवणं हे विमानतळावर पक्ष्यांचा धोका सांभाळणाऱ्या माणसांचं रोजचं पगारी काम आहे. त्यांच्या नोंदीत तारीख, वेळ, हवामान, गवताची उंची आणि पक्ष्यांची संख्या असते. तुमच्या मुलीनं हे कुणी न सांगता सुरू केलं. वही तिला परत द्या, परीक्षा संपायची वाट न बघता.

आता तुमचा मुख्य गैरसमज. धावपट्टीच्या कडेचं गवत म्हणजे शोभेची हिरवळ, वाढलं की माळ्यानं कापायचं आणि जितकं आखूड तितकं चांगलं, असं तुम्ही धरून चाललात. अगदी आखूड गवतात टिटवी-साळुंकीसारख्या पक्ष्यांची चोच सहज मातीपर्यंत पोचते, किडे-गांडुळं मिळतात आणि शिकारी पक्षी लांबूनच दिसतो. त्यांना याहून चांगली जागा कुठली? म्हणून ब्रिटनमध्ये विमानतळावरचं गवत साधारण 15 ते 20 सेंटिमीटर ठेवायची पद्धत पडली. पण वाढू दिलं आणि विसरलं, असंही चालत नाही. फार वाढलं की उंदीर होतात आणि उंदरांमागे घारी-ससाणे येतात. तुरे धरले की दाणे टिपणारे थवे उतरतात. दिवे आणि दिशाफलक गवताआड जाऊन चालत नाही, आणि उतरणाऱ्या विमानाला योग्य कोन दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेसमोर तर गवत आखूडच लागतं. वाळलं की आगीची भीती. शिवाय ब्रिटनचा आकडा उचलून दुसऱ्या हवामानात लावला तर जमेलच असं नाही. अमेरिकेत गवताच्या उंचीवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. ही उंची कोण ठरवणार? यंत्र चालवणारा ठरवत नाही, गवत, किडे आणि पक्षी यांचा अभ्यास केलेला माणूस ठरवतो. यंत्र चालवणाऱ्याचंही काम सोपं नाही म्हणा. यंत्र फिरलं की किडे उघडे पडतात आणि गायबगळे मागोमाग चालू लागतात, म्हणून अनेक ठिकाणी कापणी रात्री किंवा उड्डाणं कमी असताना करतात, आणि कंट्रोल टॉवरनं रेडिओवर परवानगी दिल्याशिवाय ट्रॅक्टर धावपट्टीजवळ नेता येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, ते बॉस्टनला दिसलं होतं. 4 ऑक्टोबर 1960 रोजी तिथून उडालेलं ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यात सापडलं, पक्षी इंजिनांत गेले आणि विमानातल्या 72 पैकी 62 जण मेले.

या विषयात संशोधनही बरंच होतं. न्यूझीलंडमध्ये गवताच्या आतच वाढणाऱ्या बुरशीचा उपयोग करून असं गवत तयार केलंय की ते खाल्लं की पक्ष्याला मळमळतं आणि त्यावर किडेही कमी होतात. शिकागोच्या ओहेअर विमानतळानं 2013 मध्ये यंत्र नेणं अवघड अशा जागी शेळ्या-मेंढ्या चरायला सोडल्या. (ही शेळ्यांची गोष्ट नातेवाइकांना जरूर सांगा. गवताचं विसरतील.)

तुम्ही निवडलेला डिप्लोमा वाईट नाही. तो प्रवासी, सामान आणि काउंटरच्या कामासाठी आहे; तुमच्या मुलीला हवं ते त्यात नाही, एवढंच. तिच्यासाठी वाट आहे ती परिसंस्थाशास्त्र, वन्यजीवशास्त्र किंवा कीटकशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीची, आणि त्यांच्या प्रवेश परीक्षा तिला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील.

यापुढचं पत्र तिच्या हाती द्या.

बाळ, ‘विमानतळ गवत व्यवस्थापन’ अशी वेगळी पदवी शोधत बसू नकोस आणि त्या नावाचं प्रमाणपत्र कुणी विकायला आलं तर दार लाव. जागा थोड्या आहेत. बरंच काम विमानतळ स्वतः न करता ठेकेदाराकडे किंवा सल्लागार संस्थेकडे देतात, त्यामुळे सुरुवातीला हुद्दा भलताच काहीतरी असेल. रेल्वेमार्ग आणि वीजवाहिन्यांखालची झाडोरा-छाटणी, खेळाची मैदानं, इथेही हेच ज्ञान लागतं. अर्ज तिकडेही कर.

एक गोष्ट मात्र स्वतःला आत्ताच विचार. पक्षी आवडतात म्हणून इकडे वळत असशील तर थांब. हे काम पक्षी येऊ न देण्याचं आहे. फळझाड लावायचं नाही, घरटं टिकू द्यायचं नाही, थवा रात्री मुक्कामाला येतो ते दाट झाड तोडा असा अहवाल तुलाच लिहायचाय. काही देशांत रीतसर परवाना काढून पक्षी मारलेही जातात आणि तो निर्णय होताना तू त्या खोलीत असशील. हे झेपेल असं वाटत असेल तर या सुट्टीत संख्याशास्त्र पक्कं कर, किडे कुळापर्यंत ओळखायला शीक, आणि पदव्युत्तर प्रवेश घेताना कॉलेजच्या नावाआधी तिथे पक्षी आणि माळरानं यांवर काम करणारा मार्गदर्शक आहे का, ते बघ.