अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्या १९६४ च्या मैफिलीचे ध्वनिमुद्रण रसिक आजही इतक्या प्रेमाने का ऐकतात?

माझ्या मते याचे मुख्य श्रेय श्रोत्यांना द्यायला हवे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये झालेल्या या मैफिलीत किंग एक ओळ गातात, मग गळा थांबवून तीच भावना गिटारवर पुढे नेतात, आणि डाव्या हाताच्या बोटाने तार थरथरवत धरलेला एखादाच दीर्घ स्वर लागताच प्रेक्षागृहातून जो जल्लोष उठतो, त्याला त्यांचा पुढचा स्वर जणू उत्तर देतो. गाताना ते सहसा गिटार वाजवत नसत, त्यामुळे गळा आणि तार यांचा हा संवाद विलक्षण स्पष्ट ऐकू येतो. श्रोत्यांविना, स्टुडिओच्या बंद खोलीत, ही रंगत येणे अवघडच. नव्या श्रोत्याने गाणी सुटी न निवडता संपूर्ण मैफील सलग ऐकावी.