मानसिक साक्षर म्हणजे शहाणा नव्हे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलंय: ‘मेंटल हेल्थ लिटरसी’ला ‘मानसिक साक्षरता’ म्हटलेलं चालेल का? आणि ती मोजतात म्हणजे काय करतात?

चालणार नाही. मधलं ‘आरोग्य’ गाळू नका. परवाच एका भाषणात ऐकलं, ‘परीक्षेच्या दिवसांत मुलांची मानसिक साक्षरता ढासळते.’ अहो, ढासळतं ते मनःस्वास्थ्य! १९९७ साली ऑस्ट्रेलियात अँथनी जॉर्म आणि सहकाऱ्यांनी जी व्याख्या केली, तीत मनाचे आजार ओळखायला, सांभाळायला, टाळायला उपयोगी पडणारी माहिती आणि समजुती एवढंच येतं. नैराश्याने ग्रासलेला माणूस त्यात पहिला येऊ शकतो, ठणठणीत माणूस साफ नापास होऊ शकतो.

घोळ गुजरातीने केलाय, असं माझं ठाम मत. मराठीत साक्षर म्हणजे अंगठा सोडून सहीवर आलेला. गुजरातीत साक्षर म्हणजे विद्वान, साहित्यिक. नडियादला साक्षरनगरी म्हणतात ते तिथे घरोघरी बाराखडी येते म्हणून नव्हे, कादंबरीकार गोवर्धनराम त्रिपाठी तिथले म्हणून. दोन्ही भाषा रोज कानावर पडल्या की साक्षरचा ‘शहाणा’ होतो आणि मानसिक साक्षर म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला! पुण्याचे जाणकार सगळं खापर हिंदीवर फोडतात. त्यांनी एकदा खंडेराव मार्केटात भाजी घेऊन बघावी.

त्यात ‘साक्षर’मधलं ‘अक्षर’ म्हणजे न झिजणारं, एवढं सांगून हेच जाणकार थांबतात. व्याकरणकार पतंजली थांबत नाही. ‘अश्नोतेर्वा सरोऽक्षरम्’ म्हणतो, म्हणजे अश् धातूवरून, व्यापून टाकणारं. मला हीच व्युत्पत्ती प्यारी. आणि ते जुनं सुभाषित आठवतं का? ‘सरस’ उलटं वाचलं तरी सरसच. ‘साक्षरा’ उलटं वाचा, ‘राक्षसा’ निघतो!

हां, मोजणी राहिली. कुणा एकाची लक्षणं वाचून दाखवतात आणि विचारतात, याला काय झालंय, मदत कुठे मिळेल? जॉर्म यांच्या पाहणीत नैराश्य ३९ टक्के लोकांनी ओळखलं, स्किझोफ्रेनिया २७ टक्क्यांनी. आमच्या ओटल्यावर मीही वाचून पाहिलं: झोप नाही, अन्न जात नाही, कशातच मन नाही, दोन आठवडे झाले. एक काका म्हणाले, ‘गॅस.’ दुसरे म्हणाले, ‘लग्न लावून द्या.’ तिसऱ्या काकू, गुजराती अर्थाने साक्षर, मीठमोहऱ्या आणायला उठल्यासुद्धा.

२०१५ पासून एक प्रश्नावलीही आहे. प्रश्न ३५, गुण ३५ ते १६०. म्हणजे ओ की ठो कळत नसलं तरी ३५. आपल्या हिशेबाने पासच की!